पॅटी, कॅथी आणि ॲना

'द पॅटी ड्यूक शो' ही अमेरिकन मालिका १८ सप्टेंबर १९६३ ला एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १९६६ मध्ये संपली. शंभराहून थोडे जास्त भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा, सगळे कृष्णधवल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन हाइट्स भागात राहणाऱ्या लेन कुटुंबाची ही गोष्ट. वडील मार्टिन वर्तमानपत्राचे संपादक, आई नॅटली घर सांभाळणारी, मुलगी पॅटी हायस्कुलात, आणि रॉस नावाचा आगाऊ धाकटा भाऊ. या घरात स्कॉटलंडहून पॅटीची चुलत बहीण कॅथी राहायला येते. तिचे वडील बातमीदार, आज या देशात तर उद्या त्या देशात. मुलीचं शिक्षण तरी एका जागी व्हावं म्हणून तिला भावाकडे ठेवलेली. दोघींचे वडील जुळे आणि या दोघीही दिसायला हुबेहूब एक. चुलत बहिणी इतक्या सारख्या कशा, असा प्रश्न पडतो खरा, पण शीर्षकगीत संपेपर्यंत आपण तो सोडून दिलेला असतो. दोघींचं काम एकाच मुलीने केलं आहे. तिचं नाव पॅटी ड्यूक, आणि मालिका सुरू झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

शिकायला काकांकडे राहिलेली पुतणी किंवा मामाकडे राहिलेला भाचा एके काळी मराठी घरांत सर्रास असायचा. आमच्या ठाण्याच्या घरी माझी चुलत बहीण देवरुखहून अकरावीला आली ती बीएस्सी होईपर्यंत राहिली. मी तिला ताई म्हणायचे. एकाच खोलीत झोपायचो, एकमेकींचे कपडे घालायचो, नवी माणसं आम्हाला सख्ख्या बहिणीच समजायची. फरक कळायचा तो जेवायला बसल्यावर. मला भात हवा असला की मी 'आई, भात!' एवढंच ओरडायचे. ताई मात्र काकूचं लक्ष जाईपर्यंत थांबायची, आणि आईने विचारलं की 'थोडासाच' म्हणायची. आईने आमच्यात कधी दुजाभाव केला नाही, उलट तुपाची धार ताईच्या भातावर आधी पडायची. तरी ती थांबायचीच.

म्हणून कॅथी लेनला मी पहिल्याच भागात ओळखलं. पॅटी धडधडत घरात शिरते, 'पॉपो!' अशी वडिलांना हाक मारते आणि सोफ्यावर पसरते. कॅथी त्याच माणसाला 'अंकल मार्टिन' म्हणते, आणि बोलायच्या आधी जेमतेम श्वासाइतकी थांबते. लाड दोघींचे सारखेच होतात, रागावणंही सारखंच. पण एकीला हे घर आपलं आहे हे कधी आठवावं लागत नाही आणि दुसरी ते रोज थोडं थोडं आठवते. सोळा वर्षांच्या मुलीने हा फरक हाकेच्या सुरात आणि पाठीच्या कण्यात आणला आहे. मालिकेबद्दल जिथे तिथे केसांच्या वळणाचा उल्लेख येतो: पॅटीचे केस टोकाशी बाहेर वळलेले, कॅथीचे आत. माझ्या मते केस झाकून ठेवले तरी कोण कोण आहे हे कळेल.

दोघींना एका चौकटीत आणणं तेव्हा मोठं जिकिरीचं काम होतं. कॅमेरा तसूभरही हलणार नाही असा बसवायचा, अर्धी चौकट झाकायची, उरलेल्या अर्ध्या भागात एकीचं काम उरकायचं. मग कपडे आणि केस बदलून दुसऱ्या बाजूने दुसरीचं. म्हणजे पॅटी झालेली मुलगी रिकाम्या जागेशी भांडते, उत्तराला नेमकी जागा सोडते, अजून कुणीच न केलेल्या विनोदावर हसते, आणि थोड्या वेळाने कॅथी होऊन तो विनोद त्या जागेत बसवते. नजर दोन बोटं वर गेली तरी सगळं फसणार. खांद्यावरून घेतलेल्या दृश्यात पाठमोरी दिसते ती रीटा मॅकलॉफलिन नावाची दुसरी मुलगी. डबल रोलचं आपल्याला कौतुक आहे आणि त्यावर आपले स्वतंत्र सिनेमे आहेत, पण सिनेमाचं काम काही महिन्यांत संपतं. इथे आठवड्याला एक भाग याप्रमाणे तीन वर्षं हे चाललं होतं.

या मालिकेच्या जन्मदात्यांशी मराठी प्रेक्षकाची ओळख जुनी आहे, फक्त दुसऱ्या दारातून झालेली. मालिका उभी केली सिडनी शेल्डन आणि विल्यम ॲशर यांनी. शेल्डन म्हणजे तेच, ज्यांच्या जाडजूड रहस्यकादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आपल्या वाचनालयांत पानं सुटेपर्यंत फिरले. कादंबरीकडे वळण्याआधी ते पटकथा लिहायचे, आणि पौगंडावस्थेतल्या मुलीच्या एकतर्फी प्रेमावरच्या एका विनोदी चित्रपटासाठी त्यांना ऑस्करही मिळालं होतं. 'पॅटी ड्यूक'नंतर त्यांनी बाटलीतल्या जिनीची 'आय ड्रीम ऑफ जिनी' काढली. ॲशर यांनी 'बिविच्ड'चे कितीतरी भाग दिग्दर्शित केले. नव्वदच्या दशकात सोनी वाहिनीवर या दोन्ही मालिका हिंदीत लागायच्या आणि आम्ही शाळेतून आल्यावर त्या चवीने बघायचो. त्याच हातांची ही आधीची मालिका मात्र आपल्यापर्यंत पोचली नाही. मी ती मोठेपणी, इंटरनेटवर, मिळेल त्या क्रमाने पाहिली.

तरुण मुलगी आणि तिचं घर हा अमेरिकन विनोदी मालिकांचा ठरलेला साचा होता. 'अ डेट विथ ज्युडी' १९४१ मध्ये आणि 'मीट कॉर्लिस आर्चर' १९४३ मध्ये रेडिओवर सुरू झाली, आणि १९५१ मध्ये दोन्ही टीव्हीवर आल्या. फोनला चिकटलेली मुलगी, वैतागणारा पण विरघळणारा बाप, सगळं आधीच ओळखून असलेली आई, जरा बावळट मित्र. 'पॅटी ड्यूक'मध्ये हे सगळं जसंच्या तसं आहे. पहिल्या भागात पॅटी शाळेतल्या फ्रेंच शिक्षकाच्या प्रेमात पडते आणि अर्ध्या तासात त्यातून बाहेरही येते. संकट कितीही मोठं असो, वडील घरी आले की सुटतं. मला हा साचा मनापासून आवडतो. घर भक्कम असलं की मुलीला हवा तेवढा मूर्खपणा करता येतो, आणि मालिका तिला तो करू देते.

आता ही भूमिका करणाऱ्या मुलीबद्दल.

तिचं खरं नाव ॲना मरी. जन्म १४ डिसेंबर १९४६, न्यूयॉर्कचाच. वडील टॅक्सी चालवायचे आणि दारूच्या आहारी गेलेले; आई कॅशियर, तिला नैराश्याचे झटके यायचे. ॲनाचा भाऊ आधीपासून जॉन आणि एथेल रॉस या दांपत्याच्या हाताखाली अभिनय करत होता. हे दोघं बालकलाकारांचे व्यवस्थापक. आठ वर्षांची ॲनाही त्यांच्याकडे गेली आणि हळूहळू त्यांच्या घरीच राहायला लागली. त्यांनी तिचं बोलणं बदललं, वय दोन वर्षांनी कमी सांगायला सुरुवात केली, न केलेल्या कामांची यादी बनवली. पॅटी मॅकॉर्मॅक नावाची एक बालनटी तेव्हा गाजत होती, म्हणून हिचं नाव पॅटी ठेवलं. 'ॲना मरी मेली, आता तू पॅटी,' असं तिला सांगण्यात आलं. पुढे १९८७ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं 'कॉल मी ॲना'. मला ॲना म्हणा. कोवळ्या वयात रॉस दांपत्याने आपल्याला दारू आणि औषधी गोळ्या दिल्या, असं तिने जाहीरपणे सांगितलं, आणि त्याहून वाईट आरोपही त्यांच्यावर केले.

१९५९ मध्ये ती ब्रॉडवेवर 'द मिरॅकल वर्कर' या नाटकात छोट्या हेलन केलरचं काम करायला लागली. न दिसणारी, न ऐकू येणारी मुलगी आणि तिची शिक्षिका ॲनी सलिव्हन. जेवणघरातली त्या दोघींची झटापट, एकही संवाद नसलेली, मिनिटामागून मिनिटं चालणारी, आजही बघताना हात घट्ट मिटतात. या भूमिकेसाठी रॉस दांपत्याने तिची महिनोन्महिने तयारी करून घेतली होती. पुढे त्यावर सिनेमा आला आणि एप्रिल १९६३ मध्ये तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तोवर इतक्या लहान वयात स्पर्धेतलं ऑस्कर कुणालाच मिळालं नव्हतं. पाच महिन्यांनी टीव्हीवर तिच्या स्वतःच्या नावाची मालिका सुरू झाली. स्वतःचं म्हणजे, रॉस दांपत्याने दिलेलं.

हे सगळं कळल्यावर मालिका कशी बघायची? बहुतेक लेखांत एकच सूर असतो: पडद्यावर हसरं घर, पडद्यामागे दुःख, हाय रे दैवा. तो सूर मला अपुरा वाटतो. त्यात ती मुलगी फक्त बिचारी उरते आणि तिने केलेलं काम बाजूला पडतं. मी तिच्याकडे कामातूनच बघते, आणि मला जे दिसतं ते असं: कॅथी तिला जवळची होती. दुसऱ्याच्या घरात राहणं, जपून बोलणं, समोरच्याचा मूड बघून वाक्य उच्चारणं हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. कॅथीचा तो श्वासाइतका थांबा तिने शोधून काढलेला नसावा. पण पॅटी तिने आणली कुठून? बापाच्या गळ्यात पडणारी, आईशी तोंड वर करून भांडणारी, फोनवर तासभर निरर्थक बोलणारी, चुकलं तरी घरातून कुणी काढणार नाही याची खात्री असलेली मुलगी? असं जगायला तिला मिळालंच नव्हतं. हेलन केलरसाठी तालीम झाली होती. साध्या, चारचौघींसारख्या मुलीसाठी तिला कुणी काय शिकवलं असणार?

पॅटीच्या भूमिकेत ती फार ओरडते, हातवारे जास्त करते, असं काही जण म्हणतात. खरं आहे. मलाही ते जाणवतं, विशेषतः सुरुवातीच्या भागांत. पण तो मला अनुभवाबाहेरचं काहीतरी उभं करताना लागलेला जोर वाटतो. आणि मग मार्टिन तिच्याजवळ येऊन बसतो, ती खाली बघत कबुली देते, आणि तो जोर निघून जातो. विल्यम शॅलर्ट हा नट मार्टिन झाला आहे. आवाज कधीही न चढवणारा, मुलीचं संपूर्ण ऐकून घेणारा बाप. त्यांच्यासमोर ती पॅटी म्हणून बसली की अभिनय करते आहे हे मी विसरते. शॅलर्ट आणि तिचा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला.

शेल्डन सांगायचे की मालिकेची कल्पना त्यांना तिच्यामुळेच सुचली. मालिका ठरत असताना ती काही दिवस त्यांच्या घरी राहिली, आणि तिची दोन वेगवेगळी रूपं बघून त्यांनी दोन मुली लिहिल्या. १९८२ मध्ये तिला बायपोलर आजाराचं, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याच्या आजाराचं, निदान झालं, आणि तेव्हापासून लोक ही आठवण त्या आजाराशी जोडतात. मला हे पटत नाही. रॉस यांचं घर सोडून काही दिवस एका मोकळ्या घरात राहिलेली सोळा वर्षांची मुलगी सकाळी हसरी आणि संध्याकाळी गप्प दिसली, तर त्यासाठी आजार शोधायची गरज नाही. आजार खरा होता आणि पुढे त्याने तिला फार छळलं. त्याबद्दल ती स्वतः उघडपणे बोलली, त्या काळी कुणी नामवंत बोलत नव्हतं तेव्हा बोलली. म्हणूनच तो तिच्या सोळाव्या वर्षावर मागून चिकटवू नये असं मला वाटतं.

गोष्ट ब्रुकलिनमध्ये घडते, तेव्हा चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये होणं सरळच वाटतं. कारण वेगळं होतं. कॅलिफोर्नियात अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर कडक मर्यादा होती, न्यूयॉर्कमध्ये तेवढी नव्हती. जवळजवळ प्रत्येक दृश्यात असणारी, तीही दोनदा असणारी मुलगी त्या मर्यादेत बसली नसती. डिसेंबर १९६४ मध्ये ती अठरा वर्षांची झाली आणि तिसऱ्या वर्षी मालिका कॅलिफोर्नियात गेली. १९६५ मध्ये तिने मालिकेवरच काम करणाऱ्या एका दिग्दर्शकाशी लग्न केलं आणि रॉस दांपत्याचा ताबा संपला. तोवर कमाईतला बराचसा पैसा संपला होता. कॅलिफोर्नियात अशा पैशाच्या रक्षणासाठी १९३९ पासून कायदा होता, चॅप्लिनच्या 'द किड'मधल्या जॅकी कूगनच्या नावाने ओळखला जाणारा. न्यूयॉर्कने बालकलाकाराच्या कमाईतला किमान १५ टक्के भाग राखून ठेवायचा कायदा केला तो २००३ मध्ये, ही मालिका संपून सदतीस वर्षं झाल्यावर.

आपल्याकडे २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांसाठी अटी घातल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. मुलांना कामाला घेण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. संध्याकाळी सात ते दहा मराठी वाहिन्या लावा, दर दुसऱ्या मालिकेत एक चुणचुणीत मूल असतं आणि आठवड्यातले सहा दिवस असतं. मी त्यांची कामं कौतुकाने बघते, त्यांच्यात काही फार गुणी मुलं आहेत. पण दृश्य रात्रीचं असलं की घड्याळाकडेही बघते. आणि हे नियम चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. सोळा वर्षांची पॅटी ड्यूक त्यांतही बसली नसती. मालिकांतल्या शाळा-कॉलेजच्या मुली झालेल्या आपल्या कितीतरी नट्या त्याच वयाच्या असतात. त्यांच्या तासांची आणि पैशांची काळजी कुणी घ्यायची हे प्रत्येक आईबापांच्या मर्जीवर सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. आईबाप चांगले असले तरीही.

मालिकेनंतरची तिची वर्षं चढउतारांची गेली. पण १९७९ मध्ये 'द मिरॅकल वर्कर' पुन्हा टीव्हीसाठी केलं तेव्हा तिने शिक्षिकेचं, ॲनी सलिव्हनचं काम केलं, आणि हेलन झाली मेलिसा गिल्बर्ट. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या मालिकेत घरातली लाडकी लेक म्हणून अमेरिकेने डोक्यावर घेतलेली, पंधरा वर्षांची. जेवणघरातल्या त्या झटापटीत ड्यूक आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. लहान मुलीच्या अंगात तो राग कुठे असतो हे आधीपासून माहीत असलेली बाई ते काम करते आहे हे दिसतं. त्यासाठी तिला एमी हे टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, मला मात्र ती फार मोलाची वाटते. नटांच्या संघटनेचं, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचं अध्यक्षपद १९७९ ते १९८१ विल्यम शॅलर्ट यांच्याकडे होतं. १९८५ ते १९८८ ते पॅटी ड्यूककडे आलं. २००१ ते २००५ या काळात मेलिसा गिल्बर्टकडे. पडद्यावरचा बाप, त्याची लेक आणि त्या लेकीने शिकवलेली हेलन, तिघांनी कलाकारांच्या हक्कांसाठी एकच खुर्ची सांभाळली. ड्यूक आणि गिल्बर्ट दोघींनी टीव्हीवर मुली म्हणून काम करत दिवस काढले होते. कामाचे तास आणि करार यांवरच्या बैठकांत अशी माणसं बसलेली असणं याला मी नशीब समजते.

पॅटी ड्यूक २९ मार्च २०१६ ला गेली. शॅलर्ट त्याच वर्षी ८ मेला गेले. त्याआधी काही वर्षं अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याने निवृत्तिवेतनाचा अर्ज इंटरनेटवर कसा भरायचा हे लोकांना सांगण्यासाठी जाहिराती केल्या, आणि त्यांत तिला पुन्हा पॅटी आणि कॅथी केलं. साठी ओलांडलेल्या दोन चुलत बहिणी, दोन्ही तीच. कॅथी अजूनही ताठ बसते, नीटनेटकी. पण बदललेली आहे ती पॅटी. ती बोलते, हसते, मध्येच तोडते, आणि कुठेही जोर लावत नाही. मालिकेचे भाग बघून झाल्यावर या जाहिराती जरूर बघा, पण आधी मालिका बघा, आणि ती बघताना कॅथीपेक्षा पॅटीवर लक्ष ठेवा.